वादक निवाऱ्याची सुनावणी

माझं अक्षर चांगलं आहे, आणि पुढे जे काही झालं त्याचं मूळ तेवढंच आहे. ही आत्मस्तुती नव्हे. तेहेतीस वर्षं बांधकाम खात्यात आरेखक म्हणून काढल्यावर माणसाजवळ दुसरं चांगलं फारसं उरत नाही. साहेब बदलत, नकाशाखाली सही त्यांची येई, पण वरची अक्षरं सुगत तायड्याची, हे भातकुलीपासून नांदगाव खंडेश्वरपर्यंत सगळ्या ग्रामसेवकांना ठाऊक असे.

तेहेतीस वर्षांत मी काढलं काय? मोऱ्या काढल्या. संडास, कोंडवाडे, गुरांचे दवाखाने, बसथांबे आणि स्मशानातल्या शेड काढल्या. यांतल्या एकाही जागी माणूस हौसेने बसायला जात नाही. बसथांब्यावर बसतो, पण त्याचं सगळं लक्ष तिथून निघण्याकडे. निरोपसमारंभात शाल अंगावर पडली त्या क्षणी मला हे एकदम जाणवलं आणि भाषणात मी ते बोलूनही दाखवलं. लोकांना वाटलं तायडे साहेब भावुक झाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि समोसे वाटायला घेतले.

तेव्हापासून डोक्यात एकच होतं. मरायच्या आधी अशी एक जागा काढायची, की जिथे माणूस आपण होऊन येऊन बसेल आणि उठायचं विसरेल.

आता मुनव्वरभाईंविषयी. आमच्या अमरावतीच्या राजापेठेत सकाळी सहापासून ट्यूशनची पोरं गाड्या लावून ठेवतात. त्या गाड्या आणि एक कायम बंद असलेलं शटर यांच्या मधल्या चार फुटांत मुनव्वरभाई बेंजो घेऊन बसतात. बेंजो म्हणजे आपला कळांचा. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्याने तारा छेडायच्या. एके काळी वरातीपुढे बेंजो पार्टी असे आणि मुनव्वरभाई तिच्यात सगळ्यांच्या पुढे. मग डीजे आला, पार्टी मोडली आणि बेंजो तेवढा उरला. सकाळी सातला ते झाकण उघडतात, तारा जुळवतात आणि काहीतरी सावकाश वाजवत बसतात. आपण समोर उभं राहावं आणि बघता बघता हातातल्या दुधाच्या पिशवीचं वजन जाणवेनासं व्हावं, असं ते वाजवणं.

दूध आणायला वीस मिनिटं पुरतात. मला दीड तास लागू लागला. दूध नासू लागलं.

"अजी," माधवी म्हणाली, "तुमी दूध आनाले जाता का म्हैस चाराले?"

माधवी माझी बायको. तिचं बोलणं असंच असतं, त्यामुळे पुढच्या हकिकतीत तिने काय काय म्हटलं ते मी निवडूनच सांगणार आहे.

अडचण उन्हाची होती. आमच्याकडे होळी झाली की नऊ वाजताच शटरला हात लावता येत नाही. "तार बी इन्सानच हाये, तायडेभाऊ," मुनव्वरभाई म्हणत, "ऊन लागलं का ढिली पडते." गेल्या मे महिन्यात तारेआधी तेच पडले. बेंजोवरच आडवे झाले. त्यांची मुलगी अमरीन अकोल्याला उर्दू शाळेत शिकवते. ती येऊन त्यांना घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी हे पहिल्या एस्टीने परत आले. या वर्षी मात्र तिने बजावून ठेवलं होतं. एक मे रोजी शाळेचा निकाल लावते आणि दोन तारखेला अब्बाला कायमचं घेऊन जाते.

हे त्यांनी मला जानेवारीत सांगितलं, गाडीची वेळ सांगावी इतक्या साध्या आवाजात. "मी गेलो का हे शटर तुमच्या हवाले," असंही म्हणाले. मला फार वाईट वाटलं. या माणसासाठी मी चार महिने नासक्या दुधाचा चहा पीत होतो.

त्याच दुपारी मी ड्रॉइंग बोर्ड खाली काढला.

आठ कोनांचा मंडप. गुडघ्याएवढा ओटा, त्यावर शहाबादी फरशी, सगळ्या बाजूंनी मोकळं. आणि छताच्या पोटात एकवीस मडकी, पालथी, चुन्यात बसवलेली. मडकी कुठून सुचली तेही सांगतो. लहानपणी आमच्या घरी एक रिकामा रांजण होता आणि मी त्यात तोंड घालून गात असे. बाहेर मी अत्यंत बेसूर होतो, पण रांजणातून परत येणारा आवाज मी गायलो त्याहून चांगला असे. रांजणाने मधल्या मधे काय केलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. वाटलं, बेंजोचे सूर वर जातील, मडक्यांत क्षणभर बसतील, आणि थोडे निवून खाली येतील.

काढता काढता मी वाहवत गेलो हे कबूल करतो. राजापेठेत एक झाला तर गांधी चौकात एक हवा. मग बडनेऱ्याला, मग मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत थेट अकोल्यापर्यंत, दर कोसाला एक मंडप. एखादा माणूस अमरावतीहून सकाळी चालत निघालाय, एका मंडपातली बासरी मागे मंद होतेय तोवर पुढच्या मंडपातला ढोलक कानावर येतोय, आणि असा तो एका सुराने दुसऱ्याच्या हाती देत देत अकोल्याला पोचवला जातोय. मला तो माणूस स्पष्ट दिसत होता. त्याच्या हातात दुधाची पिशवी होती.

"चहा निवला," माधवी म्हणाली. तो तिने तासाभरापूर्वी आणून ठेवला होता.

कागद पुरा झाल्यावर वर मी टायटल घातलं: वादक निवारा. दोन इंच उंचीची अक्षरं. टायटलात प्रत्येक दोन अक्षरांमध्ये अंगठ्याएवढी जागा सोडायची ही आमच्या खात्याची रीत, त्याने नकाशाला भारदस्तपणा येतो. मी अंगठा लावून लावून जागा सोडली. हे लक्षात ठेवा.

दारात नकाशा वाळत घातला आणि शेजाऱ्यांची रीघ लागली. शेजारी ललित सर गणिताचे क्लासेस घेतात. ते चष्मा वर करून म्हणाले, "तायडेकाका, याच्यावर एक मजला काढून टाका न. खाली गानं, वर बॅच." मी म्हटलं, वरच्या बॅचला खालचं गाणं ऐकू येईल. "येऊ द्या. आता तरी कोन माहं आयकून राहिलं?" हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मला त्यांचा राग धरता येईना. कोपऱ्यावरच्या एका बाईंनी मडकी पालथी असल्याबद्दल नापसंती दाखवली, अशात पाणी राहणार कसं? कुणी मोबाइल चार्जिंगची सोय मागितली. कुणी म्हणालं मधोमध पुतळा पाहिजे, आणि तो कुणाचा यावर माझ्या अंगणात अर्धा तास असा काही वाद पेटला की शेवटी माधवीने बादलीभर पाणी अंगणात ओतलं. सडा टाकायची वेळ झाली, एवढंच ती म्हणाली. अंगण दोन मिनिटांत मोकळं झालं.

एका रविवारी मी नकाशाची गुंडाळी घेऊन अमरीनला भेटायला अकोल्याला गेलो. एस्टीत खिडकी मिळाली, आणि खिडकी मिळाली की मी शुद्धीवर राहत नाही. मूर्तिजापूरपर्यंत मी रस्त्याकडेला माझेच मंडप मोजत होतो. जाग आली तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझी गुंडाळी उशाला घेतली होती आणि ते गाढ झोपले होते. इतक्या सुखाने झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालून नकाशा ओढायला मन धजेना. अकोल्याच्या स्टँडवर ते उठले तेव्हा नकाशाला मधोमध त्यांच्या डोक्याचा खळगा पडला होता.

अमरीन उत्तरपत्रिका तपासत बसली होती. तिने चहा दिला, खारी दिली आणि नकाशा गृहपाठासारखा समोर ओढला. "अक्षर चांगलं हाये," ती म्हणाली. मी मनातल्या मनात खूश झालो. मग तिने लाल पेन खाली ठेवलं.

"तायडेचाचा, मले अब्बाचं वाजवनं बंद नाई करायचं. मले ऊन बंद करायचं हाये. डॉक्टर बोलले, आनखी एकदा असे पडले त उठतीनच याचा भरोसा नाई. दोन मेले मी मोठी बॅग घेऊन येते. डोक्यावर छत दिसलं त बॅग रिकामी वापस नेईन. नाई दिसलं त भरून."

तिचं काही चुकत नव्हतं. परतीच्या प्रवासात खिडकी मिळाली, पण मला झोप आली नाही.

मी अर्ज केला. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, तिथे मला अजून जावं लागतं. टेबलावर श्यामभाऊ होते. माणूस वाईट नव्हे, फक्त समोरचा कागद न बघता बोलायची त्यांना सवय आहे. त्यांनी नकाशाची घडी माझ्यादेखत चौथ्यांदा घातली आणि म्हणाले, "वाजवनाऱ्यासाठी योजना नाई, सायेब. गुरासाठी हाये, पान्यासाठी हाये, मयतीसाठी बी हाये. पन ठेवून जा."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यात एकच ओळ होती. त्रुटी: वाद क्र. नमूद नाही.

मी ते तीनदा वाचलं. माधवीला वाचून दाखवलं. ललित सरांनी ते उलटं धरूनही पाहिलं. शेवटी मी कार्यालयात गेलो.

"सोपं हाये," श्यामभाऊ म्हणाले. "तुमी वर लिवलं, वाद क. म्हंजे वाद क्रमांक. त्यातला र राहिला, टिंब राहिलं अन् नंबर त लिवलाच नाई. क्रमांक नाई त वाद कोनता समजाचा?"

"श्यामभाऊ, तो वादक हाये. वादक! वाजवनारा!"

"मंग मधात एवढी जागा काहून सोडली?"

मी खुर्चीत बसलो. तेहेतीस वर्षांत माझ्या 'क'ला कुणी अपुरा म्हटलं नव्हतं. भारदस्तपणासाठी अंगठा लावून सोडलेल्या त्या जागेतून माझा वादक निसटला होता आणि मागे नुसता वाद उरला होता. मी तावातावाने पेन काढलं आणि म्हटलं, द्या तो कागद, आत्ता दुरुस्त करतो.

श्यामभाऊंनी फाइलवर हात ठेवला. "आयका पयले," ते हळू आवाजात म्हणाले. "मोहल्ला सलोखा योजना म्हनून एक योजना हाये. गल्लीतले वाद गल्लीत मिटवाले मंडप बांधून द्याचा. आख्ख्या जिल्ह्यातून कोनाचा अर्ज नाई अन् मार्चअखेर आली. मोठ्या सायबानं तुमचा कागद पायला, वाद निवारा वाचलं, अन् बम खूश झाले. तुमी वादक म्हना, फाइल वापस. वाद म्हना, मंजूर. बोला."

मी आयुष्यात खोटी रेघ ओढलेली नाही. एका साहेबाने मोरी त्याच्या सासऱ्याच्या शेताकडे वळवायला सांगितली होती, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून घरी गेलो होतो. मग मला अकोल्याची ती मोठी बॅग आठवली.

"वाद," मी म्हटलं.

मार्चअखेरीचं काम कसं होतं ते मी आतून पाहिलेलं आहे, तरी चकित झालो. बंद शटरच्या बरोबर समोर एक मोडकी पाणपोई होती, ती गेली आणि जोतं आलं. नाली आणि विजेचा खांब यांनी मिळून माझे दोन कोन खाल्ले, म्हणून आठाचे सहा झाले. मडक्यांवर हरकत निघाली. वाद निवारणात मडक्यांचं प्रयोजन काय? श्यामभाऊंनी शेरा मारला, 'पक्षकारांची डोकी थंड राहावीत म्हणून', आणि मडकी मंजूर झाली. ती बसवून होताच दुसऱ्या दिवशी चिमण्यांनी त्यातली चार धरली. एप्रिल लागला तेव्हा छत उभं होतं. मी भर दुपारी त्याच्याखाली जाऊन उभा राहिलो. बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि आत पायाला गार लागत होतं. मी हलकेच 'सा' लावला. माझा 'सा' कसा असतो ते सांगितलंच आहे. वरून जो परत आला तो बराच चांगला होता. मला रडू आलं.

मग पाटी लागली. ती माझ्या अक्षरात लागेल अशी माझी भोळी समजूत होती. ठेकेदाराच्या पेंटरने लिहिलं: वाद निवारन मंडप. निवारन. त्या 'न'कडे पाहणं मी आजही टाळतो.

योजनेला एक मध्यस्थ लागतो, गल्लीने निवडलेला. त्या सभेला मी इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून गेलो. मंडप माझा, कल्पना माझी, वय माझं. ललित सर उठून म्हणाले, "मी नाव सुचवतो, तायडे..." मी नम्रतेने मान खाली घातली. "...काकू. त्या दिवशी एका बादलीत बारा लोकायचा वाद मिटवला त्यायनं." सगळ्यांचे हात वर गेले. मान खाली असल्याने मला ते जरा उशिरा दिसलं.

मंडप खुला झाला त्या पहिल्याच सकाळी मुनव्वरभाई बेंजो घेऊन आले. त्यांनी तारा जुळवल्या, वर मडक्यांकडे पाहिलं, एकच सूर काढला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ ते तो एकच सूर पुन्हा पुन्हा काढत होते. ट्यूशनची पोरं गाड्यांवरून उतरायची थांबली.

साडेनऊला तपासणीचे साहेब आले. कडक, तरुण, सगळी नियमावली तोंडपाठ. "हे काय चाललंय? इथे वादनाला परवानगी नाही. वादाला आहे." मी समजावलं, पाया पडायचंच बाकी ठेवलं. त्यांनी नियम क्रमांक सहा दाखवला. मंडपाचा वापर केवळ नोंदवहीत दाखल वादांसाठी. अन्य वापर आढळल्यास मंडप काढून घेण्यात येईल.

मुनव्वरभाईंनी बेंजोवर झाकण घातलं, रस्ता ओलांडला आणि जाऊन शटरला टेकून बसले. एप्रिलचा तिसरा आठवडा होता. माझं छत रिकामं, गार, आणि ज्याच्यासाठी ते काढलं तो समोर उन्हात बसून फडक्याने तारा पुसतोय. दहा दिवसांनी अमरीन येणार होती. मी घरी आलो आणि ड्रॉइंग बोर्ड पुन्हा माळ्यावर टाकला.

"काहून तोंड पाडून बसले?" माधवीने विचारलं. मी सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वादाले परवानगी हाये न?"

"हाये."

"मंग भांडा."

तीस वर्षांत या बाईने माझं एक ड्रॉइंग धड बघितलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी नोंदवही उघडली आणि माझ्या सर्वोत्तम अक्षरात, या वेळी अंगठा न लावता, पहिली नोंद केली. वाद क्र. १. वादी: सुगत तायडे. प्रतिवादी: मुनव्वर. वादाचा विषय: प्रतिवादीच्या बेंजोचा सूर सकाळी नऊनंतर उतरतो. पुरावा: बेंजो. पुढचा रकाना सुनावणीचा होता.

हे सगळं लटकं आहे, असं मी मुनव्वरभाईंना आदल्या दिवशीच समजावून सांगितलं होतं. तरीही नोंद वाचून त्यांचा चेहरा पडला. "लटकं असन भाऊ, पन लिवलं त तुमीच न? माहा सूर उतरते?"

"आरोप हाये नुसता. तुमी खोटा पाडा."

"वादी म्हनून राहिले स्वतःले," ते तारा पिळत पुटपुटले. "गान्यात बी वादी सूर असते, तायडेभाऊ. उस्तादनं शिकवलं होतं. पन त्याच्यासमोर प्रतिवादी नसते. संवादी असते." आणि त्यांनी सुरुवात केली.

ते रागावून वाजवत होते की काय मला माहीत नाही, पण तसं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. सूर वर जात, मडक्यांत क्षणभर बसत आणि निवून खाली येत. नेमकं मी कागदावर पाहिलं होतं तसं. भातकुलीचे दोन भाऊ धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद घेऊन ओट्याच्या दोन टोकांना बसले होते. योजना गल्लीपुरती असली तरी पाटी रस्त्यावरून दिसायची. मोठा भाऊ उठून म्हणाला, बाई, आमचं घ्या आधी. धाकटा म्हणाला, "थांब न दादा. हे सपू दे." ते संपलं आणि दोघं निघून गेले, एकाच मोटरसायकलवर. माधवीने त्यांच्या नावापुढे लिहिलं, पक्षकार गैरहजर.

साहेब पुन्हा आले. नोंदवही मागितली, पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं. "सुनावणी चालू आहे?"

"चालू हाये. तुमी बी बसा," माधवी म्हणाली.

नियमात बसत होतं. साहेबही बसले. "निकाल कधी लागणार?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

"मले नीट आयकू नाई आलं," माधवी म्हणाली. "प्रतिवादी, पुन्हा वाजवा." एरवी चौथ्या घरात कढई उतरली तरी या बाईला ऐकू येते.

असे दहा दिवस गेले. रोज सातला सुनावणी सुरू होई, रोज माधवीला नीट ऐकू येत नसे आणि रोज पुढची तारीख पडे. मी वादी म्हणून समोर बसून असे. डोळे मिटून ऐकताना मी किती वेळा अकोल्यापर्यंत चालत गेलो ते सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र मला पक्की कळली होती. निकाल लागला की वाद मिटला, आणि वाद मिटला की नियम सहा, की मुनव्वरभाई पुन्हा शटरसमोर. निकाल लागता कामा नये.

दोन मे रोजी अमरीन आली, भर बाराला, मोठी बॅग घेऊन. काल शाळेचा निकाल लावून आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असतो तसा थकवा होता. तिने पाटी वाचली, 'न'वर थबकली. छत पाहिलं. मग चप्पल काढून अनवाणी ओट्यावर उभी राहिली आणि बराच वेळ तशीच राहिली. फरशी गार आहे का ते ती बघत होती.

सगळं नीट होणार असं वाटत असतानाच मुनव्वरभाईंनी झाकणावर थाप मारली. "आता साक्ष घ्या!" ते म्हणाले. दहा दिवस तो आरोप त्यांच्या मनात सलत होता. "माही पोरगी आली. तिचा कान पक्का हाये अन् ती खोटं बोलत नाई. तिले इचारा माहा सूर उतरते का. आज निकाल लागलाच पायजे."

मी माधवीकडे पाहिलं. माधवीने माझ्याकडे पाहिलं. तपासणीचे साहेब कोपऱ्यात बसले होते, हल्ली ते रोजच येत, आणि त्यांनी लगेच पेन काढलं. साक्षीदार हजर असल्यावर तारीख देता येत नव्हती.

अमरीनने नोंदवही ओढून घेतली. पहिलं पान सावकाश, शिक्षिकेसारखं, रकान्यावर बोट ठेवून वाचलं. पान उलटलं. दहा दिवसांच्या दहा तारखा, प्रत्येकीपुढे 'नीट ऐकू आले नाही'. मग आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली नियमावली वाचली. नियम सहावर तिचं बोट थांबलं.

"वाजवा, अब्बा," ती म्हणाली.

मुनव्वरभाईंनी जे वाजवलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. लहानसंच होतं, चार ओळींचं, झोपाळ्यासारखं येणारं आणि जाणारं. तिला ते ओळखीचं असावं, कारण तिची मान आपोआप हलू लागली. मडक्यांत येऊन बसलेल्या चिमण्या गप्प झाल्या. शेवटचा सूर वर गेला, राहिला, आणि खाली आला. एवढा स्वच्छ की त्यावर कुणाला काही बोलायला जागाच नव्हती. संपलं, मी मनात म्हटलं.

अमरीनने डोळे पुसले.

"उतरते," ती म्हणाली.

"काय?" मुनव्वरभाई उभेच राहिले.

"बम उतरते, अब्बा. पन एकदा आयकून सांगता येत नाई. रोज आयका लागन. मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा साक्षीले येते."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. ते हसत होते की नाही ते मला दिसलं नाही, त्यांनी तोंड नालीकडे केलं होतं. माधवीने निकालाच्या रकान्यात लिहिलं, राखून ठेवला. अक्षर तिचं वाईट आहे, पण मला त्या दिवशी ते खटकलं नाही. अमरीनने बॅग उचलली. ती इतकी हलकी होती की वाऱ्याने हलत होती.

मुनव्वरभाई मात्र फार दुखावले. घरी जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत, मुलीला स्टँडवर पोचवताना तिच्याशीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन पोचलो तेव्हा सातला पाच कमी होते. मंडपात ते आधीच बसले होते आणि मान तिरकी करून, एकेक तार कानाजवळ घेत, स्वतःच्या मुलीला खोटं पाडायची तयारी करत होते.